विसार, साठेखत आणि नुकसानभरपाई

गोव्याच्या खेड्यापाड्यांत जमिनीचा व्यवहार ठरला, की चार माणसांसमक्ष विसाराची रक्कम हाती दिली जाते आणि विक्रेता व खरेदीदार दोघेही निश्चिंत होतात. पुढे हा व्यवहार फिसकटल्यास काय करावयाचे, याविषयी बहुतेकांच्या मनात एक ठरीव समजूत असते. घेणारा मागे फिरला तर त्याचा विसार बुडाला. देणारा मागे फिरला तर त्याने विसार दुप्पट करून परत करावा. आणि तेवढे झाले, की दोघेही मोकळे. साठेखत लिहितानाही पुष्कळदा हाच मजकूर घातला जातो. परंतु आज अंमलात असलेल्या कायद्याच्या दृष्टीने ही समजूत पुरती खरी नाही. तिच्यावर विसंबून राहिल्यास विक्रेत्यावर अनपेक्षित बोजा पडू शकतो आणि खरेदीदार आपल्या न्याय्य हक्काला मुकू शकतो. म्हणून जमीनविक्रीचा करार मोडल्यास नुकसानभरपाई कोणत्या तत्त्वावर ठरते, हे नीट समजावून घेणे सर्वांच्याच हिताचे आहे.

दुप्पट विसाराची परंपरा

ही समजूत निराधार नाही. तिला इतिहास आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात अंमलात होती. तिच्या १५४८ व्या कलमात खरेदीविक्रीच्या परस्पर वचनाविषयी तरतूद होती. अशा वचनाच्या वेळी विसार, म्हणजे पोर्तुगीज भाषेतील 'सिनाल', दिला गेला असेल, तर तो गमावणे किंवा दुपटीने परत करणे हीच नुकसानभरपाई समजावी, असे ते कलम सांगे. सुमारे नव्वद वर्षे हा नियम लोकांच्या व्यवहारात राहिला आणि पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आला.

१९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर केंद्रीय कायदे येथे टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आले. वारसा आणि पतिपत्नींची मालमत्ता यांसारख्या कौटुंबिक बाबींत पूर्वीच्या संहितेची परंपरा पुढे चालू राहिली. जमीनविक्रीच्या कराराचा भंग मात्र आता भारतीय करार अधिनियम, १८७२, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ आणि विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ या कायद्यांनी नियंत्रित होतो. या तिन्ही कायद्यांत 'विसार दुप्पट केला की सुटका' असा नियम कोठेही नाही.

साठेखताने काय मिळते

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या नुसत्या कराराने जमिनीत कोणताही मालकीहक्क किंवा बोजा निर्माण होत नाही. ठरलेल्या अटींवर पुढे खरेदीखत करून देण्याघेण्याचे ते वचन असते. तरीही हे वचन पोकळ नाही. ते मोडणाऱ्या पक्षावर दोन प्रकारची जबाबदारी येऊ शकते. न्यायालय त्याला करार प्रत्यक्ष पुरा करावयास लावू शकते किंवा दुसऱ्या पक्षाची हानी पैशाने भरून देण्यास सांगू शकते.

खरेदीदाराने दिलेल्या रकमेलाही कायद्याचे संरक्षण आहे. खरेदीदाराने जमिनीचा ताबा घेण्यास अनुचित रीतीने नकार दिलेला नसेल, तर त्याने आगाऊ दिलेल्या किंमतीपुरता विक्रेत्याच्या त्या जमिनीतील हितसंबंधावर त्याचा भार राहतो, असे त्याच अधिनियमाचे कलम ५५ (६) (ब) सांगते. म्हणजे पैसे परत मिळण्यासाठी त्याला केवळ विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही.

भरपाईचे मूळ तत्त्व

करार अधिनियमाचे कलम ७३ हा या विषयाचा पाया होय. करारभंगामुळे दुसऱ्या पक्षाची जी हानी व्यवहाराच्या स्वाभाविक ओघात झाली, किंवा अशी हानी होण्याचा संभव आहे हे करार करतेवेळीच दोन्ही पक्षांना माहीत होते, तेवढ्याच हानीची भरपाई मिळते. दूरान्वयाने किंवा अप्रत्यक्षपणे झालेल्या हानीची भरपाई मिळत नाही.

या तत्त्वामागे १८५४ सालचा 'हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल' हा इंग्लंडमधील प्रसिद्ध निर्णय आहे. ग्लॉस्टर येथील एका गिरणीचा दांडा मोडला. नमुन्यादाखल तो कारागिराकडे पोहोचविण्यास माल वाहून नेणाऱ्याने विलंब लावला आणि तोवर गिरणी बंद राहिली. दांड्याअभावी गिरणी बंद राहील याची त्या वाहतूकदारास विशेष कल्पना दिलेली नव्हती, असे न्यायालयाने मानले आणि बुडालेल्या नफ्याची भरपाई नाकारली. हाच विचार जमिनीला लावता येतो. खरेदीदाराला त्या जागी काजू कारखाना काढावयाचा होता आणि त्यातून अमुक नफा झाला असता, असे म्हणून तो नफा विक्रेत्याकडून वसूल करता येत नाही. त्यासाठी हा हेतू करार करतेवेळी विक्रेत्याला ठाऊक असला पाहिजे आणि तो नफा पुराव्याने सिद्ध झाला पाहिजे. तसेच वाडवडिलांच्या घराशेजारची जागा हातची गेली, याचा मनस्ताप कितीही खरा असला, तरी कलम ७३ च्या हिशेबात तो सामान्यतः धरला जात नाही.

नुकसानभरपाई ही शिक्षा नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. करार पुरा झाला असता तर निरपराध पक्ष आर्थिकदृष्ट्या ज्या स्थितीत असता, त्या स्थितीत त्याला पैशाने शक्य तितके आणून ठेवणे, एवढाच तिचा उद्देश आहे.

हिशेबाची रीत

जमिनीच्या बाबतीत स्वाभाविक हानी मोजण्याची सर्वसाधारण रीत सोपी आहे. करारात ठरलेली किंमत आणि करारभंगाच्या दिवशीचा बाजारभाव यांतील फरक म्हणजे हानी होय. ही रीत एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, ४०० चौरस मीटरचा एक भूखंड दर चौरस मीटरला ५,००० रुपये या दराने २० लाख रुपयांना विकण्याचे ठरले. खरेदीदाराने २ लाख रुपये विसार दिला. ठरलेल्या दिवशी विक्रेत्याने खरेदीखत करून देण्यास नकार दिला. त्या दिवशी त्या भागातील दर ६,५०० रुपये झालेला होता. म्हणजे तशीच जमीन घेण्यास खरेदीदारास आता २६ लाख रुपये लागतील. त्याची हानी ६ लाख रुपये झाली. शिवाय त्याने दिलेला २ लाखांचा विसार त्याला परत मिळावयास हवा. एकूण मागणी ८ लाख रुपये आणि त्यावरील योग्य ते व्याज अशी होईल. 'दुप्पट विसार' धरला असता तर त्याला केवळ ४ लाख रुपये मिळाले असते.

आता उलट बाजू पाहू. खरेदीदारच मागे फिरला आणि त्या दिवशी दर उतरून ४,२५० रुपये झाला होता. जमिनीचे आता १७ लाख रुपयेच येतील. विक्रेत्याची हानी ३ लाख रुपये झाली. त्याच्या हाती असलेला २ लाखांचा विसार या रकमेतून वजा करावा लागतो आणि उरलेल्या १ लाख रुपयांचीच मागणी त्याला करता येते. संपूर्ण हानीही मागावयाची आणि विसारही वेगळा ठेवावयाचा, असे दोन्ही करता येत नाही.

तिसरी शक्यता अशी, की खरेदीदार मागे फिरला, पण दर वाढून ५,५०० रुपये झाला. आता तीच जमीन २२ लाखांना विकता येते. भावातील फरकाच्या दृष्टीने विक्रेत्याची हानी झालेलीच नाही. करार मोडला ही गोष्ट खरी. पण करारभंग आणि हानी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

खर्चाच्या बाबतीतही एक सावधगिरी आवश्यक आहे. कागदपत्रांचा शोध, मोजणी, नोटीस यांवर झालेला खर्च व्यवहार मोडल्यामुळे वाया गेला असेल, तर तो मागता येतो. मात्र जो खर्च व्यवहार पुरा झाला असता तरीही करावाच लागला असता, तो भावातील फरकाच्या जोडीने पुन्हा मागणे म्हणजे एकाच हानीची दोनदा वसुली होय. भाव वाढलेला नसेल तेव्हा मात्र विसाराची परतफेड, व्याज आणि वाया गेलेला खर्च हीच खरेदीदाराची मुख्य मागणी असते.

करारभंगाचा दिवस कोणता

सारा हिशेब करारभंगाच्या दिवसावर उभा असल्याने तो दिवस निश्चित करणे महत्त्वाचे ठरते. साठेखतात तारीख लिहिली, ती उलटली, म्हणजे दुसऱ्याच दिवशी करार मोडला, असे समजणे योग्य नव्हे. जमिनीच्या करारात वेळ हा सामान्यतः कराराचा गाभा मानला जात नाही, असे मुंबईहून गेलेल्या 'जमशेद खोदाराम इराणी विरुद्ध बुर्जोरजी धनजीभाई' या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९१५ साली सांगितले. वेळेला तसे महत्त्व द्यावयाचे असल्यास ते करारात निःसंदिग्ध शब्दांत लिहावे लागते किंवा परिस्थितीवरून स्पष्ट दिसावे लागते. म्हणून तारीख उलटल्यानंतर वाजवी मुदत देणारी लेखी नोटीस देणे इष्ट होय. नोटिशीला आलेले उत्तर, किंवा उत्तर न येणे, यावरून नकार कधी झाला हे दाखविता येते.

याबरोबर कलम ७३ च्या स्पष्टीकरणाचीही आठवण ठेवावी. हानी कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते, ते योजिले होते की नाही, हेही भरपाई ठरविताना पाहिले जाते. खरेदीदार मागे फिरल्यानंतर चांगले गिऱ्हाईक येऊनही विक्रेत्याने भाव आणखी घसरेपर्यंत हात जोडून बसावे आणि सारी घसरण पहिल्या खरेदीदाराच्या माथी मारावी, हे कायद्यास मान्य नाही.

बाजारभावाचा पुरावा

बाजारभाव केवळ तोंडी सांगून चालत नाही. 'आमच्या वाड्यावर आता इतका दर आहे' असे शेजाऱ्याने सांगणे हा फार दुबळा पुरावा होय. त्याच गावातील, तशाच प्रकारच्या आणि शक्य तितक्या जवळच्या काळातील खरेदीखतांच्या प्रमाणित नकला उपनिबंधकाच्या कार्यालयातून मिळविता येतात. जाणकार मूल्यमापकाचा अहवालही उपयोगी पडतो. मात्र त्याने दर कशाच्या आधारे काढला, हे अहवालात यावयास हवे. तुलना करताना रस्त्याची सोय, विभागीय आराखड्यातील वर्गीकरण, जमिनीवर कूळ किंवा मुंडकार आहे की काय आणि जमीन भाताची आहे की भरडाची, हे सर्व पाहावे लागते. मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरविलेला किमान दर हा शुल्क आकारणीच्या सोयीचा असतो. तो प्रत्यक्ष बाजारभावाचा निर्णायक पुरावा समजला जात नाही.

करारात रक्कम लिहिली असल्यास

'करार मोडणाऱ्याने दुसऱ्यास ५ लाख रुपये द्यावे' किंवा 'विसार दुपटीने परत करावा' असे साठेखतातच लिहिलेले असेल तर काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर करार अधिनियमाच्या कलम ७४ मध्ये आहे. लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा होय. त्या मर्यादेच्या आत न्यायालय वाजवी भरपाई देते. लिहिली आहे म्हणून ती संपूर्ण रक्कम आपोआप मिळत नाही.

या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 'फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास' या १९६३ सालच्या निर्णयात विशद केला. दिल्लीतील एका बंगल्याच्या विक्रीचा करार १९४९ साली १,१२,५०० रुपयांना झाला होता. खरेदीदाराने १,००० रुपये विसार आणि पुढे किंमतीपोटी २४,००० रुपये दिले व ताबा घेतला. खरेदीदाराच्या कसुरीमुळे व्यवहार पुरा न झाल्यास ही २५,००० रुपयांची सारी रक्कम जप्त व्हावी, अशी अट होती. विक्रेत्याने आपली हानी पुराव्याने सिद्ध केली नाही. तेव्हा १,००० रुपयांचा विसार जप्त होणे न्यायालयाने मान्य केले. २४,००० रुपये मात्र किंमतीचा भाग असल्याने ते जप्त करून ठेवता येणार नाहीत, असा निर्णय दिला. एवढी वर्षे ती रक्कम वापरण्याचा विक्रेत्यास झालेला लाभ आणि तो विसार मिळून त्याची पुरेशी भरपाई होते, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

यावरून 'विसार' आणि 'किंमतीपोटी दिलेली आगाऊ रक्कम' हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे कळून येते. विसार म्हणजे करार पाळण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम. 'सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल' या २०१२ सालच्या प्रकरणात ७० लाख रुपयांच्या व्यवहारात ७ लाख रुपये विसार म्हणून दिले होते आणि खरेदीदाराची कसूर झाल्यास ते जप्त करण्याची स्पष्ट अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ती जप्ती योग्य ठरविली. मात्र निव्वळ किंमतीचा हप्ता म्हणून दिलेली रक्कम अशी जप्त करता येत नाही, हेही त्याच निर्णयात सांगितले.

पुढे २०१५ साली 'कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण' या प्रकरणात हानीचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. १९८२ सालच्या लिलावात ३.१२ कोटी रुपयांची बोली लावणाऱ्याने भरलेले ७८ लाख रुपये प्राधिकरणाने जप्त केले होते. पुढे १९९४ साली तोच भूखंड ११.७८ कोटी रुपयांना विकला गेला. बोली लावणाऱ्याकडून करारभंग झालेलाच नाही, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. शिवाय हानी झाल्याखेरीज कलम ७४ खाली भरपाई नाही, हे तत्त्वही न्यायालयाने स्पष्ट केले आणि रक्कम परत करण्याचा आदेश दिला.

या निर्णयांतून ग्रामस्थांनी घ्यावयाचा बोध असा, की साठेखतात प्रत्येक रकमेचे स्वरूप स्पष्ट लिहावे. विसार किती, किंमतीपोटी किती आणि कोणत्या प्रसंगी कोणती रक्कम परत करावयाची, हे संदिग्ध ठेवू नये.

पैसे देऊन सुटका होते काय

आता दुप्पट विसाराच्या समजुतीतील सर्वांत धोक्याचा भाग पाहू. भाव वाढला म्हणजे काही विक्रेते 'विसार दुप्पट घे आणि विषय संपव' असे सांगून जमीन दुसऱ्यास देऊ पाहतात. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम २३ या मार्गात आडवे येते. करारात भंगाबद्दल रक्कम लिहिली असली, तरी ती करार पाळला जावा म्हणून लिहिली असेल, तर न्यायालय करार प्रत्यक्ष पुरा करण्याचा हुकूम देऊ शकते. रक्कम देऊन मोकळे होण्याचा पर्याय पक्षाला खरोखरच द्यावयाचा होता, असे करारावरून दिसले तरच गोष्ट निराळी.

१ ऑक्टोबर २०१८ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने ही बाजू अधिक बळकट केली आहे. पूर्वी करारपूर्तीचा हुकूम देणे न देणे हे न्यायालयाच्या विवेकाधीन होते. दुरुस्तीनंतर, कायद्यातील अपवाद सोडता, न्यायालयाने असा हुकूम द्यावा, अशी तरतूद आहे. मात्र कलम १६ प्रमाणे खरेदीदाराने आपण आपली बाजू पुरी करण्यास सदैव तयार व राजी होतो, हे सिद्ध केले पाहिजे. बाकी किंमतीची तजवीज त्याच्याकडे होती काय, हा प्रश्न पहिल्याच तारखांना विचारला जातो.

वरील उदाहरणाकडे पुन्हा वळू. दावा निकालात निघेपर्यंत त्या भूखंडाचा दर ९,००० रुपये झाला, तर जमीन ३६ लाखांची झाली. सर्वसाधारण रीतीने पैशातील भरपाई मात्र करारभंगाच्या दिवसाच्या भावावर, म्हणजे ६ लाखांवरच थांबते. चढत्या भावाच्या काळात नुसत्या भरपाईवर समाधान मानावयाचे की जमिनीचीच मागणी करावयाची, हा निर्णय खरेदीदाराने दाव्यापूर्वीच विचारपूर्वक घेतला पाहिजे.

येथे दोन तरतुदींकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. कलम २१ प्रमाणे भरपाई आणि कलम २२ प्रमाणे विसार वा आगाऊ रकमेची परतफेड ही दाव्यात स्पष्टपणे मागावी लागते. मागितली नाही तर न्यायालय ती आपण होऊन देत नाही. दावा चालू असताना अर्जात दुरुस्ती करून ती घालता येते. तरी आरंभीच घालणे शहाणपणाचे होय.

दावा चालू असता जमीन सरकारने संपादित केली, तर करारपूर्ती अशक्य होते. अशा प्रसंगीही खरेदीदार रिकाम्या हाती राहत नाही. 'जगदीश सिंह विरुद्ध नाथू सिंह' या १९९१ सालच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, वाजवी वजावट करून, भूसंपादनाचा मोबदला हेच खरेदीदाराच्या भरपाईचे माप धरले. रस्ते, रेल्वे आणि विमानतळ यांसाठी ज्या भागांत भूसंपादन झाले आहे, तेथील लोकांनी हा निर्णय ध्यानात ठेवावा.

प्रामाणिक विक्रेत्याची अडचण

विक्रेत्याच्या मनात काही काळेबेरे नाही, पण त्याची मालकीच पुरती नाही, असेही घडते. इंग्लंडमध्ये १७७६ च्या 'फ्ल्युरो विरुद्ध थॉर्नहिल' आणि १८७४ च्या 'बेन विरुद्ध फॉदरगिल' या निर्णयांनी अशा विक्रेत्यास सवलत दिली होती. मालकीतील दोषामुळे विक्री अशक्य झाली तर खरेदीदारास केवळ दिलेले पैसे व खर्च मिळे; हुकलेल्या फायद्याची भरपाई मिळत नसे. मुंबई उच्च न्यायालयाने 'नगरदास विरुद्ध अहमदखान' या १८९५ सालच्या प्रकरणात ही सवलत भारतात मान्य केली नाही. कलम ७३ जमिनीसाठी वेगळे माप सांगत नाही, हे त्यामागचे कारण. पुढे इंग्लंडनेही १९८९ साली कायदा करून तो जुना नियम रद्द केला.

गोव्याच्या दृष्टीने हा मुद्दा फार जिव्हाळ्याचा आहे. येथील कौटुंबिक कायद्यानुसार, वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर, सामान्यतः पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते आणि स्थावर मालमत्ता विकण्यास दोघांची संमती लागते. वडिलांच्या पश्चात सर्व वारसांचे हिस्से निश्चित झालेले नसतात. एखादा भाऊ मुंबईत, तर बहीण परदेशात असते. अशा वेळी एकट्याने सही करून विसार घेणारा विक्रेता पुढे 'बायको सही करीत नाही' किंवा 'भाऊ ऐकत नाहीत' असे सांगू लागतो. त्याची अडचण खरी असली, तरी ज्या गोष्टीचे वचन देणे त्याच्या एकट्याच्या हाती नव्हते, तिचे वचन देऊन त्याने भावातील फरक भरून देण्याची जोखीम पत्करलेली असते. म्हणून विसाराला हात लावण्यापूर्वी पतिपत्नी आणि सर्व सहहिस्सेदार यांची लेखी संमती घेणे हे विक्रेत्याच्याच हिताचे आहे.

भातशेतीच्या बाबतीत आणखी एक बंधन आहे. २०२३ सालच्या गोवा कृषी जमीन हस्तांतरण निर्बंध कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्यास विकण्यावर निर्बंध घातला आहे. कायद्याने मना केलेल्या व्यवहाराचा करार न्यायालय पुरा करवीत नाही आणि त्याच्या भंगाबद्दल भावातील फरकही देत नाही. तेव्हा जमिनीचा प्रकार व खरेदीदाराची पात्रता आधी पाहावी आणि मगच पैसे द्यावेत.

मुदत आणि कागदपत्रे

मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे करारपूर्तीच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत आहे. करारात तारीख ठरलेली असल्यास ती त्या तारखेपासून मोजली जाते. नसल्यास नकार कळल्यापासून. भरपाईच्या दाव्यासही करारभंगापासून तीन वर्षेच मिळतात. 'आज देतो, उद्या देतो' या आश्वासनांवर तीन वर्षे निघून गेली, तर मजबूत साठेखतही निरुपयोगी होते.

साठेखत योग्य मुद्रांकावर करावे आणि ते नोंदवून घ्यावे. साठेखताच्या आधारे ताबा घेतला असेल, तर २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या ताब्याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३-अ चे संरक्षण मिळण्यासाठी नोंदणी आवश्यक आहे. रक्कम शक्यतो धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी. एक-चौदाचा उतारा, मोजणीचा नकाशा, पावत्या, नोटिसा व त्यांच्या पोचपावत्या आणि बाकी रक्कम तयार होती हे दाखविणारी बँकेची नोंद, ही सर्व एकत्र ठेवावीत. करारभंगाच्या सुमारास त्या भागात झालेल्या दोनतीन खरेदीखतांच्या नकला लगेच काढून ठेवाव्यात. काही वर्षांनी त्या दिवसाचा भाव आठवणीने सांगणे कठीण जाते.

ज्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये मोफत साहाय्याची सोय आहे. महिला, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता ती मिळते. इतरांस ठराविक उत्पन्नमर्यादेत मिळते. राज्य विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. ग्रामपंचायतींनी आणि शिक्षकांनी ही माहिती गरजूंपर्यंत पोहोचवावी. विशेषतः वयोवृद्ध विक्रेते आणि प्रथमच घरासाठी जागा घेणारी तरुण कुटुंबे यांना साठेखतावर सही करण्यापूर्वीच सल्ला मिळाला, तर पुढील अनेक वर्षांचे हेलपाटे आणि खर्च वाचू शकेल.